झोपायची सोय

पितांबर फिटरने ब्राह्मणपुरीत डबा आणला आणि गावाला बोलायला विषय मिळाला. डबा म्हणजे चाकांवरची खोली. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची, आतच झोपायचं, आतच चहा करायचा आणि कंटाळा आला की पुढच्या गावाला निघायचं. शहरातली हौशी माणसं असल्या डब्यातून हिंडतात म्हणे. तोरणमाळला येणाऱ्या पर्यटकांसाठी कुणा हॉटेलवाल्याने असे दोन डबे मागवले होते. एक कसाबसा घाट चढला. दुसऱ्याने वळणावरच मान टाकली, तो शहाद्याच्या एका गॅरेजमागे पावसाळे काढत पडला होता. पितांबरने तो भंगाराच्या भावात उचलला आणि लहानपणच्या मित्राच्या, दोधूच्या ट्रॅक्टरला जोडून आपल्या खळ्यात, निंबाखाली आणून उभा केला.

गाव हसलं, आणि हसण्यासारखं होतंच. उभा जन्म शहादा डेपोत एस.टी.च्या बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस स्वतः कधी नाशिकच्या पुढे गेला नव्हता. कुणी म्हणालं, म्हातारा चार धामाला निघाला. कुणी म्हणालं, दुसरं लगीन करी ऱ्हायना का काय. पितांबर कुणाला काही बोलला नाही. बोलून दाखवलं असतं तर लोक हसायचे थांबले असते आणि हळहळले असते, आणि ते त्याला नको होतं.

डबा त्याने आणला होता कानबाईसाठी.

खानदेशात कानबाई कुणाला सांगायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात देवी बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. माणूस कुठेही असो, पुण्याला, सुरतेला, मुंबईला, त्या दिवशी घरी येतो. कारण त्या दिवशीचे रोट, म्हणजे त्या पुरणाच्या पोळ्या, फक्त घरच्यांनी खायच्या असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य मोजून दळायचं आणि त्याचं जे होईल ते सगळं घराच्या आतच संपवायचं. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला रोट द्यायचा नाही. उरले तर दुसऱ्या दिवशी खायचे, तिसऱ्या दिवशी खायचे, पण बाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

पितांबरची बायको वत्सलाबाई होती तोवर रोट उरायचा प्रश्नच नव्हता. उलट शेवटच्या तुकड्यावरून पोरांच्या मारामाऱ्या व्हायच्या. ती गेली त्या वर्षी सुतकामुळे देवी बसली नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, बसली. थोरला योगेंद्र पुण्याहून बायको आणि मुलीला घेऊन सकाळी आला आणि संध्याकाळी परत फिरला. धाकटा ईश्वर वापीला असतो, त्याला सुट्टीच मिळाली नाही. निघताना थोरली सून दिपाली गाडीच्या दाराशी थांबून म्हणाली, "राग मानू नका आप्पा, पण इथं झोपायची काही सोय नाही हो. नाहीतर राहिलो असतो."

दिपालीच्या मनात एक आणि ओठावर एक असं कधी नसतं आणि त्यासाठीच ती पितांबरला आवडायची. म्हणून तिचं वाक्य त्याने जसंच्या तसं धरलं. झोपायची सोय नाही. खरंच होतं. घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एकीत देवी. त्या वर्षीचे उरलेले रोट त्याने आणि शेजारी राहणाऱ्या कोकिळावहिनीने, त्याच्या थोरल्या भावाच्या विधवेने, दोघांनी मिळून खाल्ले. पहिल्या दिवशी तुपाशी, मग नुसते, मग कडक झाले म्हणून दुधात भिजवून. गोड घास एवढा जड होऊ शकतो हे पितांबरला माहीत नव्हतं. शेवटचा रोट खाताना तो वहिनीकडे पाठ करून बसला, कारण त्याला रडू येत होतं.

तेव्हाच त्याने ठरवलं, की पुढच्या कानबाईला सगळ्यांची झोपायची सोय करायची. दोन्ही पोरं, दोन्ही सुना, योगेंद्रची गायत्री, ईश्वरचे जुळे पोरगे आणि आपण. एक रात्र सगळे एका छताखाली. देवीकडे मागायचं तर याहून जास्त काही मागायचं नव्हतं.

डबा आतून मात्र भारी होता. शिरलं की डाव्या हाताला छोटं स्वयंपाकघर, ओटा, भांडी घासायची मोरी आणि वर कपाटं. मध्ये टेबल, दोन्ही बाजूंना गादीचे बाक. मागच्या टोकाला भिंतीत बसवलेला डबल बेड आणि त्याच्या वर रेल्वेच्या बर्थसारखी एक चिमुकली फळी, कठडा आणि शिडीसकट. दाराजवळ कोपऱ्यात अंग चोरून उभं राहता येईल एवढा संडास. सगळं जागच्या जागी ठोकून बसवलेलं, हलवू म्हटलं तरी हलायचं नाही. पितांबरने आतून बाहेरून फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिले.

दोन दिवसांनी योगेंद्रचा फोन आला. शेतात रेंज नेहमीसारखी तुटत होती.

"आप्पा, पोरेसले डबा भलता आवडना. औंदा आम्ही सर्वा यी ऱ्हायनूत. ईश्वर बी. रातले बी राहसूत तठेच."

पितांबर केळीच्या बांधावर उभा होता. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "खरं का रे?"

"खरं. गायत्री तं आतेपाईन बॅग भरी ऱ्हायनी."

पुढचं ऐकू आलं नाही. त्यातलं काय आवडलं, ते त्याने परत फोन करून विचारलं नाही. सुखाची बातमी उलटसुलट करून बघायची सवय त्याला नव्हती. पोरं राहणार म्हणाली, एवढं पुरे होतं. आता डबा त्यांच्यासाठी तयार करायचा, आणि काय केलं ते आधी सांगायचं नाही, आल्यावर बघू द्यायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्रिल, कटावणी आणि पान्यांची पेटी घेऊन डब्यात शिरला. दोधू गंमत बघायला दारात येऊन उभा राहिला. दोधू केळीवाला, शेजारचा मळा त्याचा, दोघे एका पाटीवर लिहायला शिकलेले.

"काय करी ऱ्हायना?"

"जागा करी ऱ्हायनू. आठ मानसं शेतस. या पलंगवर चार बी मावाव नहीत. सर्वं काढी टाकं का खाले आठ गाद्या बठतीस. मोजी लिधं मी."

"आरे पन इतला चांगला पलंग—"

"पलंगवर झोपानंच नही," पितांबर म्हणाला. "कानबाईनी रातले आमना घरमा कोनी खाटवर झोपत नही. देवी खाले पाटवर बससे आनि आपन वर पाय पसारीसन झोपो का?"

ही त्याच्या घरची रीत होती. गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, पण त्याच्याकडे होती आणि कडक होती. वत्सलाबाई ती पाळायची आणि पाळायला लावायची. कानबाईच्या दिवशी सकाळीच खाट भिंतीला उभी करून ठेवायची आणि रात्री थोर असो की पोर, सगळ्यांनी जमिनीवर, एका ओळीत झोपायचं. कोकिळावहिनी तिची थोरली जाऊ, पण तीही मुकाट खाली झोपायची. आता ती भाकरी घेऊन आली, डब्यात डोकावली आणि म्हणाली, "बरं करं भाऊ. वत्सलानी रीत सोडू नको." पितांबरला अजून हुरूप आला.

बसच्या सीटा काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवायचं, खिळा मागून ठोकून बाहेर काढायचा, चिकटवलेलं असेल तिथे पातळ पटाशी सारायची, घाई करायची नाही. पत्र्याला ओरखडा न येता कपाटं खाली आली. टेबल निघालं, बाक निघाले. बाकांखालून चाकांवरचे दोन उंचवटे वर आले, त्यांच्यावर त्याने गोधड्या बसवल्या आणि म्हणाला, या उशा. मग डबल बेड. मग ती वरची फळी. ती काढताना मात्र त्याला वाईट वाटलं, कारण काम सुबक होतं. ज्याने बसवली त्याने मन लावून बसवली होती. एवढ्याशा फळीवर मोठा माणूस काय झोपणार, असं म्हणत त्याने तीही उतरवली.

संडासापाशी दोधू परत आडवा आला. "हाई बी काढशी? शहरना लोकेसले आसंच लागस म्हने, झोपेमाईन उठं का तठेच."

"जठे झोपानं तठे संडास? आनि कानबाईना दिन?" पितांबरने ड्रिल सुरू केलं. "मन्हा पोऱ्या शहरमा राहतस. शहरना नही शेतस."

दोधूने पुढे वाद घातला नाही. मित्राच्या तोंडावर इतका आनंद त्याने वत्सलाबाई गेल्यापासून पाहिला नव्हता. कोण कशाला त्यात खडा टाकेल?

ओटा निघाला तेव्हा एक फजिती झाली. पुढच्या बाजूचं सगळं वजन गेलं आणि पितांबर मागच्या टोकाला झाडू मारायला गेला, तसा डबा सावकाश मागे कलला. पुढचा दांडा आभाळाकडे, मागचं बूड जमिनीला, आणि फिटर कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला. बैलगाडी मागे जड झाली की उलार होते, तसंच. दोधू बाहेर पोट धरून हसत होता. "गाडी उलार व्हयनी रे पितांबर. सारा भार तूच काढी टाका." दोघांनी मिळून मागच्या बाजूला विटांचे दोन खांब रचले आणि डबा सरळ केला. पितांबरही हसला. आठ माणसं आत झोपली की कसा उलार होईल, तो म्हणाला.

निघालेलं सामान ठेवायला जागा नव्हती. बेड आणि वरची फळी दोधूने आपल्या सालदाराच्या, भीमसिंगच्या झोपडीत बसवून दिली. भीमसिंग मोलगीकडचा, मळ्यातच राहतो, त्याची मुलं ओल्या जमिनीवर झोपायची. संडास भंगारात गेला. ओट्याचं प्लायवूड कापून पितांबरने देवीसाठी नवा पाट केला. रिकाम्या डब्याला आतून पांढरा रंग दिला आणि पत्र्यावर जाड ताडपत्री पसरून वर आठ गाद्या एकाला एक लावून घातल्या. नवीन चादरी आणल्या, सगळ्यांना एकाच रंगाच्या. दारात उभं राहून बघितलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती झोपायची जागा. त्याला वाटलं, वत्सला असती तर तिने तोंडाला पदर लावला असता.

रोटाच्या धान्याच्या मुठी त्याने स्वतः घातल्या. आपली, दोन पोरांची, दोन नातवांची. मग वहिनीचं लक्ष नाही असं बघून गायत्रीच्या नावाचीही एक घातली. मुलींची मोजायची रीत नव्हती. पण देवी तरी बाईच आहे, तिला कळेल, असं त्याने ठरवलं.

रविवारी सकाळी दोन गाड्या खळ्यात शिरल्या. गायत्री सगळ्यांत आधी उतरली. पाठीला दप्तरासारखी बॅग, काखेत स्वतःची उशी. आजोबाच्या पायालाही न लागता ती चपलांसकट डब्यात धावली आणि तिच्यामागे जुळे. पितांबर हात चोळत बाहेर उभा राहिला. आतून ओरडा ऐकू येईल म्हणून तो कान देऊन होता. ओरडा आला नाही. थोड्या वेळाने तिघंही दारात आली.

"आबा, माझा वरचा बेड कुठे आहे?"

"कोणता बेड, बेटा?"

"फोटोतला. शिडीवाला. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मला वरचा आला होता." तिने बॅगेतून एक पाकीट काढलं. अंधारात चमकणाऱ्या चांदण्या होत्या, चिकटवायच्या. "या मी त्याच्यावरती लावणार होते."

पितांबरने आत बोट दाखवलं. तो म्हणाला, "खाले बग ना, किती मोठी जागा केली. सर्वा एकजागे झोपसूत. लोळाले मोकळं." गायत्रीने वळून आत बघितलं, मग आजोबाकडे बघितलं, आणि पाकीट परत बॅगेत ठेवलं. शहाणी पोर, रडली नाही. रडली असती तर पितांबरला तिला उचलून तरी घेता आलं असतं.

दिपाली आली, आत डोकावली. कोपऱ्यात जिथे संडास होता तिथे आता बूच मारलेला पाइप होता. "इथं बाथरूम होतं ना आप्पा?"

"काढी टाकं. घाण बाहेरच बरी."

"हो," ती म्हणाली. "छान मोकळं झालंय."

तिच्या मनात एक आणि ओठावर एक असं पितांबरने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. धाकटी सून ममताने नवऱ्याकडे बघितलं आणि ईश्वरने मोबाइलकडे.

तरी दिवस चांगला गेला, हे सांगायलाच हवं. संध्याकाळी देवी बसली, नव्या पाटावर. कण्हेरीच्या फुलांनी तिचं तोंड झाकून गेलं. वहिनीने आणि सुनांनी रोट लाटले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली, खीर झाली. दुसऱ्या खोलीत सगळे मांडीला मांडी लावून जेवायला बसले. जुळ्यांनी रोटाच्या तुकड्यावरून मारामारी केली आणि पितांबरने दोघांना आपल्या ताटातलं दिलं. योगेंद्रने आईच्या हाताच्या खिरीची आठवण काढली. इतक्या दिवसांनी घर आवाजाने भरलं होतं. पितांबर जेवता जेवता मध्येच थांबून ऐकत राहायचा, इतका तो सुखात होता. डब्याचं ओझं त्याने मनाच्या कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. एकदा आडवे झाले की होतील सरळ, त्याला वाटत होतं.

हात धुवून तो बाहेर आला तर योगेंद्र निंबाखाली फोनवर कुणाशी बोलत होता. फोन ठेवून तो जवळ आला.

"आप्पा, शहादाले लॉज ली लिधा. पोरेसले खाले झोपानी सवय नही. ममतानी कंबर बी धरस. सकायमा लवकर येतस, नदीवर जाले."

"डासनी अगरबत्ती लाई देसू," पितांबर म्हणाला. "आखो एक गादी टाकी देसू खाले. दुप्पट."

"तसं नही आप्पा. दिपालीले रातले बाहेर जानं पडस, अंधारमा, खळाना त्या टोकले. ती भ्यास." त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वाईट नका वाटी लेवू."

कुणी भांडलं नाही. दिपालीने निघताना वाकून नमस्कार केला, ममताने केला, जुळे झोपेने पेंगत होते. भांडण झालं असतं तर पितांबरने चार शब्द सुनावले असते आणि कदाचित कुणी राहिलंही असतं. इतक्या गोडीने जाणाऱ्या माणसांना कसं अडवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गाड्यांचे दिवे वळणाआड गेले. त्याने डब्यातला दिवा मालवला आणि घरात देवीपुढे जाऊन समईत तेल घातलं.

सकाळी ते बोलल्याप्रमाणे आले, न्हाऊन, चांगले कपडे घालून. देवी डोक्यावर घेऊन बाया नदीवर गेल्या, वाटेत फुगड्या झाल्या, गायत्रीने वहिनीशी फुगडी घातली. विसर्जन करून परतताना बायापोरं पुढे गेली आणि बाप-लेक मागे राहिले. वाट चिखलाची होती. दोघे जपून चालत होते.

"आप्पा, एक इचारू? सर्वं कसाले काढी टाकं?" योगेंद्र म्हणाला. "पोरे रोज फोटो देखेत. कोन कोठे झोपी, ते ठरी जायेल व्हतं त्यासनं. दिपाली बी म्हने, आते सोय व्हई."

"खाटवर कसं झोपतीन? कानबाईनी रात व्हती."

"मंग?"

"आपला घरनी रीत शे ना. देवी खाले, आपन खाले. तुन्ही मायनी सारा जलम पाळी."

योगेंद्र थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि लगेच ते त्याने आवरलं. "आप्पा, ती रीत नही. ती मायनी काढेल गोष्ट शे."

"काय?"

"तवय घरमा खाट एकच व्हती. कानबाईले सर्वा भाऊबंद गोळा व्हयेत, आनि मोठी काकू आनि मधली काकू, दोन्हीसले ती खाट जोयजे. दर साल भांडन. माय सर्वासमा धाकली, तिले कोन इचारी? मंग तिनी देवीनं नाव ली टाकं. देवी खाले बससे, आपन वर कसं झोपानं. खाट भितले उभी करी दिन्ही. भांडन मिटनं." तो आता हसलाच, डोळ्यांत पाणी होतं. "आमले सांगीसन भलती हासे. म्हने, काकूले सांगू नका रे, नही तं परत खाट मांगी."

पितांबर चिखलात थांबला. वत्सला सासरी येण्याआधी कधी खाट भिंतीला लागल्याचं त्याला आठवेना, आणि हे त्याने कधी आठवून पाहिलंच नव्हतं. पुढे कोकिळावहिनी गायत्रीचा हात धरून चालली होती.

"माले नही सांगं तिनी," तो म्हणाला.

"तुम्ही तं पहिल्याच दिनले खाले झोपी गयात म्हने, काहीच न इचारता. मंग सांगानं काय?"

दुपारच्या आत गाड्या निघाल्या. दिपालीने उरलेल्यांतले चार रोट कागदात बांधून घेतले, पुण्यात घरातल्या घरातच संपवू म्हणाली, आणि ती संपवेलही, ती तशी आहे. गायत्रीने गाडीची काच खाली करून विचारलं, "आबा, पुढच्या वर्षी बेड परत लावशील?" पितांबरने मान डोलावली. भीमसिंगची मोठी पोर त्या फळीवर झोपते, शिडीवरून चढ-उतर करताना त्याने तिला पाहिलं होतं. नवी फळी करता येईल, त्यात अवघड काही नव्हतं. पण गायत्री ज्या वेगाने वाढत होती ते बघता पुढच्या वर्षी तिचे पाय बाहेर येतील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिला असल्या फळीचं काही वाटणारही नाही. हे तिला सांगून काय करायचं? गाडी गेली.

वहिनी आपल्या घरी जाऊन आडवी झाली. पितांबर गाद्या गुंडाळायला डब्यात शिरला. आत रंगाचा वास होता आणि पत्रा तापला होता. चादरी जशा घातल्या होत्या तशाच होत्या. पहिली गादी उचलायला तो वाकला आणि तसाच खाली बसला.

त्याला आधी राग आला, आणि राग वत्सलाबाईचा आला. पोरांना सांगितलं. पोरांबरोबर हसली. ज्याने एक प्रश्न न विचारता सगळी वर्षं उघड्या जमिनीवर पाठ टेकली, त्याला तेवढं सांगितलं नाही. मग त्याला वाटलं, आता ती असती तर तोंडावर विचारलं असतं, का गं, मी काय वहिनीला सांगितलं असतं? आणि ती हसली असती. ते हसू कसं असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आधी दाबलेलं आणि मग खांदे हलवणारं. तिला खरंच विचारावंसं वाटलं, इतकं की त्याने दाराकडे बघितलं. ती नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण विचारायची गोष्ट तिच्याकडेच आहे आणि ती कधीच विचारता येणार नाही, हे मात्र त्याला आजच कळलं. तिच्या जाण्यानंतर तो इतका एकटा कधी झाला नव्हता.

गाद्या नंतर उचलू, असं म्हणून तो आडवा झाला. कानबाईच्या रात्री सगळे एका ओळीत झोपायचे तेव्हा त्याची जागा दाराजवळ, अगदी कडेला असायची. मग पोरं, मग वत्सला, मग पलीकडे जावा आणि त्यांची मुलं. आठही गाद्या मोकळ्या होत्या, हवा तिथे लोळायला कुणाची आडकाठी नव्हती. पितांबर सवयीने दाराजवळच्या कडेला सरकला, कुशीवर वळला आणि बाकीच्यांसाठी जागा सोडून पडून राहिला.